पाकिटावरची भाकरी

फोन आला तेव्हा मी वेल्ह्याच्या आठवडी बाजारात टेबल टाकून बसले होते. भाजीवाल्यांची रांग संपते आणि भांडीवाल्यांची सुरू होते, त्या मधल्या जागेत गेली काही वर्षं बाजाराच्या दिवशी आमचं टेबल असतं. दोन खुर्च्या, रक्तदाब मोजायचं यंत्र, एक वही आणि मी. मी आरोग्यसेविका आहे. समोर एक बाप्या दंडाला पट्टा बांधून बसला होता, मी फुगा दाबून हवा भरत होते आणि मोबाईल वाजला. एरवी मोजताना मी फोन घेत नाही, पण स्क्रीनवर सुरेखाचं नाव दिसलं. सुरेखा माझी भावजय, गुंजवण्याला असते आणि कामाशिवाय फोन करणाऱ्यातली नाही. "ताई, आत्याबाईंचं तोंड वाकडं झालंय," ती म्हणाली. "उजवा हात उचलंना, बोलणं बोबडं येतंय. म्या ॲम्ब्युलन्सला फोन केलाय." कधी झालं म्हणून विचारलं, तर म्हणाली, आत्ताच, घटाला पाणी घालताना, पाच मिनिटंसुद्धा झाली नाहीत. "बाई, हात सोडा की, मुंग्या आल्या," समोरचा बाप्या म्हणाला. पट्ट्यातली हवा सोडायची राहूनच गेली होती.

नवरात्राची आठवी माळ होती. मी एकाच्या मोटारसायकलवर मागे बसून मार्गासनी फाट्यावर आले आणि तिथेच ॲम्ब्युलन्समध्ये चढले. माझी आत्या शुद्धीत होती. तिने डाव्या हाताने माझं मनगट धरलं ते पुण्यापर्यंत सोडलं नाही. काहीतरी सांगायचं होतं तिला, ओठाचा एकच कोपरा हलत होता. मी मात्र घड्याळाकडे बघत होते. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली असली, तर साडेचार तासांच्या आत एक इंजेक्शन देता येतं, हे मी गावोगाव सांगत फिरते. आम्ही अडीच तासांत दवाखान्यात पोचलो. दारातच स्कॅनला नेलं. मला मनातून वाटत होतं, या वेळी आपण जिंकलो. थोड्या वेळाने तिथले डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, गुठळी नाही, नस फुटलीय, आत रक्तस्राव झालाय. त्या इंजेक्शनचा इथे काही उपयोग नाही. मग कागदाकडे बघत त्यांनी विचारलं, "बीपीच्या गोळ्या चालू होत्या का?" मी ताठ मानेने सांगितलं, "चालू होत्या. रोज. मीच देते." ते पुन्हा कागदाकडे बघत म्हणाले, "मग वरचा आकडा दोनशेच्या पुढे कसा गेला?" मला त्यांचा राग आला. माझ्या आत्याबद्दल हा माणूस कशाला शंका घेतो, असं वाटलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आत्या गेली. आता महिना होऊन गेलाय. भेटायला येणारे सगळे म्हणतात, नंदा, तू तुझ्या परीने सगळं केलंस. मी मान डोलावते, चहा पुढे करते. पण मी नक्की काय केलं ते त्यांना माहीत नाही, आणि ते पोटात ठेवून मला राहवेना. म्हणून लिहायला बसले. मला लिहायची सवय नाही, मी बोलणारी बाई आहे आणि तोंडाने फटकळ आहे. तेव्हा जसं आठवेल तसं सांगते.

हौसाआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिचं सासर गुंजवणीच्या धरणात गेलं. मूलबाळ नव्हतं, नवरा आधीच वारला होता, दिराने लांब कुठेतरी मिळालेल्या जमिनीवर संसार हलवला. ही मात्र एक पेटी आणि दोन शेरडं घेऊन गुंजवण्याला भावाच्या दारात आली. लोकांना वाटलं, आता भाऊ-भावजयीच्या तुकड्यावर जगेल. पण आठ दिवसांत घराचा कारभार तिच्या हातात गेला आणि माझ्या आईने तो आनंदाने जाऊ दिला, कारण आत्या पहाटे उठून सगळं आवरून मोकळी व्हायची आणि वर आईला हसवायची. उंचीने एवढीशी, पण आवाज असा की बांधावरून हाक मारली तर गावामागच्या गडाच्या अंगाची गुरं माना वळवायची. लहानपणी माझ्या वेण्या तीच घालायची, इतक्या घट्ट की डोळे ओढले जायचे. "सैल घातल्या की दुपारतनं सुटत्यात, मंग परत कोण घालणार? तुजी आत्या रिकामी बसलीया व्हय?" एकदा एखादं काम सांगितलं की ते सांगितलं तसंच करायचं, त्यात स्वतःचं डोकं चालवायचं नाही, हा तिचा स्वभाव. दुसऱ्याकडूनही तिची तीच अपेक्षा.

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, झटका आला तेव्हा मी दुसऱ्या तालुक्यात नोकरीला होते. भाताची झोडणी चालली होती. आप्पांच्या हातातून पेंढी गळून पडली, त्यांनी उचलली, पुन्हा गळाली आणि मग ते खळ्यातच बसले. आमच्याकडे म्हणतात, अंगावरनं वारं गेलं. वारं गेलं की वाऱ्याचं औषध देणारा माणूस गाठायचा, दवाखाना नाही. टेम्पोत घालून आप्पांना तिकडे नेलं. त्याने तेल चोळलं, कबुतर कापून त्याचं गरम रक्त हाताला लावलं, उद्या पुन्हा आणा म्हणाला. मला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. मी धावत आले, त्यांना दवाखान्यात नेलं, तेव्हा तिथल्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या, काल यायला हवं होतं. बस, एवढंच. नर्सच्या बापाला कबुतराचं रक्त लावलं, हे मी पुढे कितीतरी दिवस कुणाला सांगितलं नाही. लाज वाटायची. आप्पा त्यानंतर सहा वर्षं जगले. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. एकच शब्द उरला, 'हां'. भूक लागली तरी हां, दुखलं तरी हां, राग आला तरी हां. त्यातला कुठला हां कशाचा ते आत्यालाच कळायचं. तिने सहा वर्षं त्यांना भरवलं, कूस बदलली, अंग पुसलं. आई मधल्या काळात गेली, तरी आप्पांच्या पाठीला कधी जखम झाली नाही.

त्याच पहिल्या वर्षी आत्याने मेंगाईदेवीला नवस बोलून ठेवला. भाऊ स्वतःच्या पायाने अंगणात आला तर जन्मभर सोमवार धरीन आणि नऊ दिवस भाकरीला शिवणार नाही. वर्षभराने आप्पा काठी टेकत, सुरेखाच्या खांद्याला धरून अंगणात आले, उंबऱ्याबाहेर चार पावलं. आत्याने त्याच आठवड्यापासून सोमवार धरले. आधीच्या दोन एकादश्या आणि चतुर्थी होत्याच. नवरात्रात दोन वेळा चहा, संध्याकाळी मूठभर भगर नाहीतर उकडलेलं रताळं. आप्पा गेल्यावर मी म्हणाले, आता कशासाठी करतेस, ज्यांच्यासाठी बोललीस ते गेले. ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी काहीतरी अभद्र बोलले होते. "देवीनं तिचं केलं," ती म्हणाली. "म्या माजं सोडू व्हय?"

आप्पा गेले त्या सुमाराला माझी बदली वेल्हे तालुक्यात झाली. राहायला मी भोरला, सकाळच्या एसटीने निघायचे. आल्या आल्या मी घरातल्या सगळ्यांचा रक्तदाब मोजला. भावाचा ठीक, सुरेखाचा ठीक, आत्याचा नको इतका जास्त. तिला काही म्हणजे काही होत नव्हतं. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती, ओझं घेऊन चढ चढायची. हीच तर या दुखण्याची खोड, आतून पोखरतं आणि बाहेर पत्ता लागू देत नाही. मी तिला समोर बसवून सांगितलं, आत्या, आप्पांचं जे झालं ते यानेच झालं. वेळेवर कुणी मोजलं असतं आणि रोज एक गोळी घेतली असती तर बहुतेक झालं नसतं. ती म्हणाली, "म्हंजे त्या समद्याला एक गोळी पुरली असती?" मी हो म्हणाले. तिने पदर डोळ्याला लावला आणि हात पुढे केला. "आन इकडं."

आता त्या पाकिटाबद्दल. आत्याला अक्षर येत नव्हतं, माझ्या निम्म्या पेशंटांना येत नाही. गोळ्या कागदी पाकिटात घालून द्यायच्या आणि कधी घ्यायच्या ते लिहायचं, तर वाचणार कोण? मी पहिल्यांदा आत्याच्या पाकिटावर बॉलपेनने एक सूर्य काढला आणि त्याच्या शेजारी एक गोल, म्हणजे भाकरी. सकाळी, जेवण झाल्यावर. खरं तर त्या गोळीला जेवणाची काही गरज नाही. पण उपाशीपोटी गोळी घेतली की जळजळतं म्हणून म्हाताऱ्या गोळ्याच टाकून देतात, हा माझा अनुभव, म्हणून सगळ्याच गोळ्यांना मी सरसकट जेवण जोडून टाकायचे. आत्याने पाकीट लांब धरून पाहिलं. "सूर्य झाक जमलाय. भाकर गोल न्हाई आली तुजी. लहानपणी बी येत नव्हती." पण कळलं तिला, लगेच कळलं. मग मी सगळ्यांच्या पाकिटांवर सूर्य आणि भाकरी काढायला लागले. पुढे आमच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडमनी एका मीटिंगमध्ये ते पाकीट हातात धरून सगळ्यांना दाखवलं आणि दुसऱ्या उपकेंद्रांतल्या सेविकाही तसंच काढू लागल्या. मी त्या दिवशी हवेतच होते. घरी येऊन नवऱ्याला दोनदा सांगितलं.

आत्याएवढा आज्ञाधारक पेशंट मला उभ्या नोकरीत मिळाला नाही. तंबाखूने रक्तवाहिन्या खराब होतात म्हणाले, तर चाळीस वर्षांची मिश्री तिने एका दिवसात सोडली. चार दिवस हिरड्या सुजल्या, कुणाशी बोलली नाही, पण सोडली ती सोडली. मिठाने बीपी वाढतं म्हणाले, तर सुकट बंद, पापड बंद. आणि नुसतं स्वतः करून थांबायची नाही, गावाच्या मागे लागायची. बाजारातलं टेबल ही तिचीच कल्पना. मी एकदा कटकट करत होते की लोक तपासायला येतच नाहीत. ती भात निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "दवाखान्यात कशाला येतील? दुकत न्हाई तर. पर बाजारात येत्यात का न्हाई? मंग तितं जाऊन बस." पहिल्या बाजाराला ती स्वतः माझ्याबरोबर आली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला नावाने हाका मारून खुर्चीवर बसवलं. झटका कसा ओळखायचा तेही तिने आमच्याहून जास्त बायकांना शिकवलं असेल. तोंड वाकडं, हात खाली, बोली बोबडी, यातलं एक जरी झालं तरी गाडी बोलवायची, औषधवाल्याकडे पाऊल टाकायचं नाही. पाणवठ्यावर, लग्नात, मयतीला, कुठेही सांगायची. त्या दिवशी सुरेखाने पाच मिनिटांत फोन केला तो आत्यानेच शिकवलं होतं म्हणून.

धनगरवाड्यावरचे बिरूबाबा तर तिच्यामुळेच गोळ्यांना लागले. गडाच्या वरच्या अंगाला त्यांची मेंढरं, वय झालेलं, खाली सहसा उतरायचे नाहीत. मी यंत्र घेऊन वर गेले की ते म्हणायचे, ह्यो पट्टा अंगातली ताकद वढून घेतो. दोनदा त्यांनी मला ताक पाजून परत पाठवलं. तिसऱ्यांदा आत्या बरोबर आली. दम खात वर चढली, बाबांच्या शेजारी बसली आणि आधी स्वतःचा दंड पुढे केला. "म्या धा येळा बांधून घेतलाय ह्यो पट्टा. गेली का माजी ताकद? बगायची आसंल तर आन तुजा बोकड, उचलून दावते." बाबा हसायला लागले आणि हसता हसता त्यांनी हात दिला. त्यांचा आकडा आत्यापेक्षाही वर होता. पुढे दर महिन्याला त्यांचं पाकीट आत्याच वर पोचवायची, आणि परत येताना माझ्यासाठी निरोप आणायची की बाबा गोळी घेतो, म्या इचारलं.

पण आत्याचा स्वतःचा रक्तदाब कधी नीट जागेवर आला नाही. एका महिन्यात बरा, पुढच्या महिन्यात चढलेला. मी वैतागायचे. तोंडसुख घ्यायला मला वेळ लागत नाही. "तू चोरून लोणचं खातेस, आत्या. मला शिकवू नकोस." ती म्हणायची, जरा जरा खाते गं. मग तिने लोणचंही सोडलं. तरी आकडा वर. मी पुन्हा बोलले, भाजीत मीठ कमी घाल म्हणून. सुरेखा सांगते, शेवटच्या वर्षी आत्या स्वतःची भाजी वेगळी काढायची, मीठ न घातलेली, आणि त्यावर पाणी पिऊन गिळायची. पाकीट मात्र मी दर महिन्याला बघायचे आणि ते रिकामं असायचं. रिकामं पाकीट म्हणजे गोळ्या पोटात गेल्या, यापलीकडे माझं डोकं चाललं नाही.

एकदा तिने मला विचारलंही होतं. हे मला दवाखान्याच्या बाकावर आठवलं नाही, तेराव्यालाही आठवलं नाही, नंतर भोरमध्ये भांडी घासताना आठवलं आणि हातातलं ताट तसंच राहिलं. गेल्या श्रावणातली गोष्ट. मी फाट्यावर एसटीची वाट बघत होते, ती मला सोडायला आली होती, हातात माझ्यासाठी वाल बांधून आणलेले. गाडी वळणावर दिसली तेव्हा ती म्हणाली, "नंदे, गोळी उपाशीपोटी चालती का गं?" मी पिशवी खांद्याला लावत, गाडीकडे बघत म्हणाले, "उपाशीपोटी काही घेऊ नको. जेवणानंतर म्हणजे जेवणानंतर. किती वेळा सांगू?" ती म्हणाली, "बरं." मी चढले. खिडकीतून पाहिलं तर ती हात वर करून उभी होती... का विचारलंस, एवढं एक मी विचारलं नाही.

तेराव्याचं जेवण उरकल्यावर सुरेखाने मला आतल्या खोलीत बोलावलं. आत्याच्या कोनाड्यातून तिने एक पत्र्याची डबी काढून माझ्या हातात दिली. मिश्रीची जुनी डबी, झाकणाचा रंग उडालेला. आत गोळ्या होत्या. पट्टीतून कात्रीने एक एक कापलेले चौकोनी तुकडे, प्रत्येकात एक गोळी, डबी गच्च भरलेली. सगळ्यात वर एक अख्खी पट्टी होती, तिला हातच लावलेला नव्हता. मला काही कळेना. मी विचारलं, या कुठल्या? सुरेखा म्हणाली, "उपासाच्या हायत. सोमवारच्या, एकादशीच्या... वरची ती नवरात्राची. आत्याबाई म्हनायच्या, सरकारी औषद हाय, टाकायचं न्हाई, डबी भरली की दिवाळीला नंदीला म्हागारी द्यायचं, कुणाच्या तरी उपेगी पडंल." मी म्हणाले, अगं पण घेतल्या का नाहीत? सुरेखाने माझ्याकडे सरळ पाहिलं. तिच्या डोळ्यात काही वाकडं नव्हतं, तिला खरंच वाटत होतं की मला हे माहीत आहे. "त्या दिवशी भाकर न्हाई ना खायची. तुमीच काढलीया की पाकिटावर भाकर. मला वाटलं, तुमी सांगितलंय तसंच चाललंय."

भगर खाल्ली तर ते फराळ, जेवण नव्हे. रताळं खाल्लं तरी जेवण नव्हे. ज्या दिवशी भाकरी नाही त्या दिवशी गोळी नाही, असा माझ्या चित्राचा सरळ अर्थ आत्याने लावला आणि तो इमानदारीने पाळला, महिन्याला सात-आठ दिवस, आणि नवरात्रात सलग. मी तिला लोणच्यावरून बोलत होते. आप्पांच्या वेळी आमचा एक दिवस हातातून गेला आणि मी जन्मभर त्या औषधवाल्याला शिव्या दिल्या. आत्याच्या वेळी एकही मिनिट वाया गेलं नाही, वाया गेले ते त्याआधीचे आठ दिवस. या वेळी शिव्या द्यायला दुसरं कुणी नाही. मी त्या खोलीत बसून रडले, बाहेरच्यांना वाटलं आत्याच्या आठवणीने रडतेय.

मी डॉक्टर मॅडमना जाऊन सगळं सांगितलं, डबी टेबलावर ठेवली. त्यांनी डबी उघडून पाहिली. साखरेच्या गोळ्यांचं वेगळं, त्या उपवासाला विचारूनच घ्यायच्या, त्या म्हणाल्या, पण ही गोळी तर नुसत्या पाण्याबरोबरही चालते. मग म्हणाल्या, "नंदाताई, हे विचारायचं मलाही कधी सुचलं नाही." त्या चांगल्या आहेत, माझं ओझं वाटून घ्यायला बघत होत्या. दुसऱ्या दिवसापासून मी माझ्या सगळ्या गावांत घरोघर एकच प्रश्न घेऊन फिरले. उपवासाला गोळी घेता का? एका घरात सासू म्हणाली न्हाई, सून म्हणाली न्हाई. एक म्हातारे म्हणाले, शनिवारी एकदाच जेवतो, ते रातच्याला, मंग सकाळची गोळी कशी घेनार? एक बाई श्रावणभर थांबली होती. कुणीही लपवत नव्हतं. मी विचारलं नव्हतं एवढंच. आता पाकिटावर मी सूर्य काढते आणि शेजारी पाण्याचा तांब्या. तुमच्या घरात कुणी रोजची गोळी घेत असेल, तर आज जाऊन विचारा, उपवासाच्या दिवशी काय करता? रागावू नका, नुसतं विचारा.

परवाच्या एकादशीला मी बिरूबाबांकडे गेले. पाकीट पोचवायला आता कुणी नाही, मीच चढले. बाबा उपाशी होते, दारात घोंगडीवर बसले होते. त्यांनी नवं पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि बोट ठेवून म्हणाले, "हितं भाकर हुती की." मी म्हणाले, होती. "मंग काढली का?" मग मी त्यांना सगळं सांगितलं, डबीचं, सोमवारांचं, फाट्यावरचं. फाट्यावरचं तर मी मॅडमनाही सांगितलं नव्हतं. बाबांनी विचारलं, "जायच्या आदी तिला कळलं हुतं का ह्ये, की गोळीपाई झालं?" मी म्हणाले, नाही. "बरं झालं," ते म्हणाले. "लई जिवाला लागलं आसतं तिच्या. तुज्यासाटनं." त्यांनी तांब्या उचलला, पट्टीतून गोळी काढली आणि माझ्यासमोर पाण्याबरोबर गिळली. तोंड उघडून दाखवलंसुद्धा.

उतरताना मी गुंजवण्याच्या घरी थांबले. आत्याचा कोनाडा सुरेखाने अजून तसाच ठेवलाय. करंडा, फणी, चष्मा, आणि तिचं शेवटचं पाकीट. ते फेकायचं का, असं सुरेखाने विचारलं. मी ते घेऊन आले, आता माझ्यासमोर आहे. बाकीच्यांच्या पाकिटांवर मी घाईघाईत नुसता एक गोळा काढायचे. आत्या मात्र नावं ठेवायची म्हणून तिची भाकरी मी मन लावून काढायचे, अगदी गोल, वर पापुद्रा सुटलेला, आणि तव्यावर पडतात तसे करपलेले डागसुद्धा. या शेवटच्या भाकरीला सात डाग आहेत. त्या दिवशी मला वेळ होता.